तिसरं बटन

सोमवार, ३ फेब्रुवारी

विहीणबाई,

नमस्कार. सुखरूप पोचले. लेकीला फोनवर दोन वाक्यांत खुशाली कळवली आणि खरं काय ते तुमच्यासाठी राखून ठेवलं. करारच आहे आपला. लग्नाच्या वेळी फोनवर आपलं जे जुंपलं होतं, त्यानंतर तुम्हीच म्हणालात की विहिणींनी बोलायचं ते लिहून बोलावं, म्हणजे पाठवण्याआधी निदान एकदा वाचलं जातं. सहा वर्षं झाली, एक भांडण नाही. उलट तुम्हाला पत्र लिहिल्याशिवाय मला आता करमत नाही, हे तोंडावर कधी सांगितलं नसतं.

तर खरं असं की मला वेड लागलंय. चित्रांच्या शिबिरात आम्ही अकरा जण आहोत. प्रत्येकाच्या काखेत घडीचं स्टूल आणि झोळीत चित्रांची वही. सकाळी बाहेर पडायचं, भर रस्त्यात स्टूल उघडून बसायचं आणि समोर जे असेल ते काढायचं. लोक वाकून बघतात, एक जण तर मला पंचनामा करताय का म्हणून विचारून गेला. आमचे पुढारी पाटीवाले सर, आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी. त्यांचे नियम दोनच. पेनाने काढायचं, खोडरबर घरी ठेवायचं. आणि जे दिसतं तेच काढायचं, पदरचं घालायचं नाही, दिसलेलं गाळायचं नाही. संध्याकाळी सगळ्या वह्या उघड्या करून जमिनीवर ओळीने मांडायच्या आणि बाकीच्यांनी कमरेवर हात ठेवून बघत फिरायचं. पहिल्या दिवशी मला दरदरून घाम फुटला. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, पण उलटी बाजू अशी कुणी बघितली नव्हती.

माझी गोची ही की मला इमारती दिसतच नाहीत. काल बंदरावरचं जुनं जकात कार्यालय काढायचं होतं, एवढे मोठे खांब, वर घुमट. मी काढलं शेजारच्या गच्चीवरचं वाळत घातलेलं. दोन पायजमे, एक फ्रॉक, एक उलट्या बाहीचा शर्ट. शिवणी, चुण्या, काजं, सगळं जिथल्या तिथे. आमच्यात एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी वाकून बघितलं आणि कार्यालय कुठे आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, कपड्यांच्या मागे असेल. बोलायला त्यांना काय, त्यांची प्रत्येक इमारत कवळीसारखी येते.

व्याही त्या पंपाच्या कामाला निघाले का? नवा शर्ट घालून जा म्हणावं. प्रवासात चुरगळणार नाही असं कापड मी मुद्दाम शोधून आणलं होतं.

तुमची
विहीण


बुधवार, ५ फेब्रुवारी

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. दहापैकी साडेसहा गुण. त्यातला अर्धा कवळीसाठी आहे. साडेतीन कापले, कारण अख्ख्या पत्रात समुद्र नाही.

समुद्रकाठच्या शहरात जाऊन पायजम्याचं वर्णन लिहिणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती. मी चौतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यातली अकरा मुख्याध्यापिका असताना. फळ्यावर निळ्या खडूने इतक्या वेळा समुद्र काढला की पोरं मला पाठीमागून काय म्हणायची ते मला माहीत आहे. भरती, ओहोटी, खाडी, भूशिर, सगळं दोन पिढ्यांकडून तोंडपाठ करून घेतलं. आणि मी स्वतः समुद्र पाहिलेला नाही. दर सुटीत मी विषय काढायची आणि दर सुटीत हे म्हणायचे, खारी हवा आपल्याला मानवत नाही. शेवटी मी विचारणं सोडून दिलं. येत्या मार्चात लग्नाला चाळीस वर्षं होतील, म्हणजे पुष्कळ सुट्या झाल्या. तेव्हा तुम्ही तरी नीट बघा. पाण्याचा रंग नक्की कोणता, कारण नकाशात आम्ही सरसकट निळा देत होतो. आवाज कसला येतो. आणि भरतीचं पाणी येताना दिसतं, की आल्यावरच कळतं. उत्तरं पूर्ण वाक्यांत द्यावीत.

हे सोमवारीच गेले. डोंगरातलं कुठलंसं गाव आहे, तिथल्या जुन्या पंपघराबद्दल सल्ला हवाय म्हणे. पाणीपुरवठ्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी पाणी ह्यांना सोडत नाही. दोन आठवडे तरी लागतील म्हणाले. तुमचा नवा शर्ट घालून गेले. एक सांगायचं राहिलं होतं, त्याचं तिसरं बटन पहिल्याच दिवशी निघालं. मी लावून दिलं. राग नसावा.

आपली
विहीण


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

विहीणबाई,

बटन निघालं? माझं? चाळीस वर्षांत माझ्या हातचं बटन निघालेलं नाही. व्याह्यांनी कुठे तरी अडकवलं असणार. आणि तुम्ही फुली मारून लावलं असेल, हो ना? शाळेत शिवण शिकलेल्या सगळ्या फुलीच मारतात. चार भोकांच्या बटनाला दोन टाके शेजारी शेजारी घालायचे असतात. फुलीने दोरा दोऱ्यावर घासतो आणि झिजतो. असो, तुम्ही लावलंत हेच खूप.

आता उत्तरं. पाण्याचा रंग धूपछाव कापडासारखा आहे. इकडून बघितलं तर हिरवा, मान वळवली की करडा, आणि निळा फक्त दुपारी तासभर. आवाज म्हणाल तर शेजारच्या घरी कुणी तरी शिलाई मशीन चालवतंय आणि दोरा संपतच नाहीये, असा. भरती येताना दिसत नाही. मी डोळ्यांत तेल घालून बसले होते. एकदा पेनात शाई भरायला खाली बघितलं, वर बघते तर तीन पायऱ्या गायब.

ह्या पायऱ्या म्हणजे इथे समुद्रालाच भिंत घालून एक पोहायचा तलाव केलाय, त्याच्या. भरतीला लाट भिंतीवरून आत येते आणि तलाव आपोआप भरतो. सकाळी तिथे पोहण्याचे वर्ग असतात. काल आम्ही सगळे तिथे बसलो होतो. मी आपला कठडा काढला. कठड्यावर लोकांनी टाकलेले टॉवेल, कपडे, मागे थोडा समुद्रही घेतलाय. तेच पान फाडून सोबत पाठवतेय, आता गुण कापू नका. पाण्यात कुणी नव्हतं. म्हणजे होते, पण ते सारखे हलत होते, म्हणून नाही काढले. संध्याकाळी वह्या मांडल्यावर पाटीवाले सरांनी विचारलंच, की कपडे एवढे आहेत आणि माणसं कुठे गेली. मी म्हटलं, बुडाली असतील. सगळे हसले, मीही हसले, जरा जास्तच हसले.

व्याह्यांचं काही कळलं का? डोंगरात थंडी असेल. नाही, सहज विचारलं. डोंगर म्हटलं की थंडी ही आलीच. बरं, आता दिवे घालवतायत, थांबते.

तुमची
विहीण

ता. क. दिवे घालवत नाहीयेत, दुपार आहे. घाईत लिहिलं.


रविवार, ९ फेब्रुवारी

विहीणबाई,

चित्र मिळालं. खिडकीशी नेऊन भिंगातून पाहिलं.

कठड्यावर तीन टॉवेल, एक पंचा आणि एक शर्ट आहे. शर्टाचा डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता आहे. इथवर मी मनाला समजावलं, की जगात उतरत्या खांद्याचे पुरुष पुष्कळ असतील. मग बटनं मोजली. सात आहेत. सहांवर तुम्ही दोन दोन बारीक रेघा शेजारी शेजारी काढल्यात. तिसऱ्यावर फुली आहे.

ती फुली माझी आहे.

ज्या पत्रात मला बटन कसं लावायचं ते शिकवलंत, त्याच पत्राला हे पान जोडलंत. शिवण दिसली की तुमचा हात खोटं काढत नाही, एवढा एकच गुण आज तुम्हाला देते. हे तुम्हाला तिथे दिसले आणि तुम्ही ते माझ्यापासून लपवलंत, हे दिव्यांच्या ओळीवरूनही कळलं असतं.

मला हसू येत नाहीये, विहीणबाई. एरवी मला तुमच्या पत्राचं शेवटपर्यंत हसू येतं. चाळीस वर्षं हा माणूस मला सांगत आला की खारी हवा मानवत नाही. आता खाऱ्या हवेत ह्यांचा शर्ट वाळतोय. म्हणजे समुद्र ह्यांना चालत होता, माझ्याबरोबर चालत नव्हता. मग कुणाबरोबर चालतो आहे, एवढंच मला विचारायचं आहे. तुम्हाला माहीत असणार. सरळ सांगा.


मंगळवार, ११ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र सकाळी आलं आणि मी दिवसभर एक रेघ काढलेली नाही. पेन उघडलं, बंद केलं. दातांच्या डॉक्टरांना वाटलं माझी दाढ दुखतेय.

बरोबर ओळखलंत, तो शर्ट त्यांचाच आहे. त्यांना मी बघितलं आणि त्यांनी मला. ते अशा अवतारात होते की व्याह्यांना विहिणीने त्या अवतारात बघू नये, आणि मी एवढं मोठं स्टूल मांडून बरोबर समोर. दोघांनाही पळायला जागा नव्हती. त्यांनी हात जोडले आणि तुम्हाला कळू देऊ नका म्हणाले. मी माझ्या कात्रीची शपथ घेतली. ती कात्री माझं पोट आहे, तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे का आणि कशाला ते मला सांगता येणार नाही. माणूस गाळला आणि शर्ट वहीत काढून बसले, ह्याला काय म्हणावं. मला कपडा दिसला, मी काढला.

मात्र तुम्ही समजताय तसं काही नाही. आणि सांगायचं नाही अशी शपथ घेतलीय, बोलवायचं नाही अशी नाही घेतली. पुढच्या मंगळवारी, अठराला, आमचं शेवटचं वह्या मांडणं आहे. त्याला घरची माणसं येतात. ते नेहमी संध्याकाळी असतं, पण मी पाटीवाले सरांच्या मागे लागून ते तलावाच्या पायऱ्यांवर सकाळी साडेसातला ठेवायला लावलंय. सर म्हणाले, लोक त्या वेळी पोहत असतात. मी म्हटलं, उजेड चांगला असतो. घरचं माणूस म्हणून मी तुमचं नाव दिलंय. माझ्या वरच्या मजल्यावरची खोली त्या दिवशी रिकामी आहे. या.

तुमचीच
विहीण


गुरुवार, १३ फेब्रुवारी

विहीणबाई,

येणार नाही. काल ह्यांचा फोन आला होता. पंपाचं काम लांबलंय म्हणाले आणि बोलताना चार वेळा शिंकले. डोंगरातली हवा, म्हणाले. मी बरं म्हटलं. इतकी वर्षं मी हेच बरं म्हणत आले आहे, तेव्हा जीभ अडखळली नाही.

समुद्र मला बघायचा होता, पण असा नव्हता बघायचा. नवऱ्याच्या पाळतीवर जाऊन तर नाहीच. तुमचा राग आलेला नाही, पण गुण देत नाही.


शनिवार, १५ फेब्रुवारी

विहीणबाई,

थोडक्यात लिहिते, नाही तर भलतंच काही तोंडातून जाईल.

चौतीस वर्षांत किती पेपर तपासलेत तुम्ही? त्यातला एक तरी असा होता का, की जो उघडूनही न बघता तुम्ही नापास केलात? शेवटच्या बाकावरच्या ढ मुलाचाही पेपर तुम्ही चहा गार होईपर्यंत वाचत बसायचात, हे मला व्याह्यांनीच सांगितलंय, आणि सांगताना त्यांचा चेहरा कसा झाला होता तेही मला आठवतं. त्यांना नापास करायचं तर खुशाल करा. पेपर बघून करा.

सोमवारी संध्याकाळी सहाच्या गाडीचं तिकीट सोबत आहे. परत करता येत नाही, विचारून आले.

विहीण


मंगळवार, १८ फेब्रुवारी, संध्याकाळ

विहीणबाई,

तुम्ही खालच्या मजल्यावर आहात आणि जिन्याला चौदाच पायऱ्या आहेत. तरी लिहूनच देते आहे. करार आहे, आणि तोंडाने मला हे सांगता येणार नाही.

मी साडेसातची वाट पाहिली नाही. गाडीतून उतरले ती पिशवीसकट तलावावरच गेले. सात वाजत होते. शर्ट कठड्यावर होता, फुलीसकट. हे छातीभर पाण्यात होते, डोक्याला नारिंगी टोपी, आणि त्यांनी एका तरुण बाईचे दोन्ही हात धरले होते.  मनात म्हटलं, झालं, पेपर बघितला, आता गुणपत्रिका लिहा.

तेवढ्यात त्या बाईने गळ्यातली शिट्टी तोंडात धरून अशी फुंकली की माझी पिशवी खाली पडली. तिने ह्यांचे हात सोडले आणि हे दगडासारखे खाली गेले. वर आले, खोकले, पुन्हा हात पुढे केले. मागे रांगेत सात-आठ वर्षांच्या सहा मुली उभ्या होत्या. त्या एका सुरात ओरडत होत्या, आजोबा, पाय मारा. मी वर्ग ओळखते, विहीणबाई. हा पहिलीचा वर्ग होता आणि हे त्यातले सगळ्यात कच्चे विद्यार्थी होते.

दुसऱ्या वेळी ह्यांनी पाय मारले. सहा हात पोहले, मी मोजले. सातव्याला वर बघितलं, मी दिसले, आणि पुन्हा खाली गेले.

बाहेर आले ते थरथरत. मी आधी टॉवेल दिला. मग मला जे बोलायचं होतं ते बोलले, खारी हवा, डोंगर, पंप, शिंका, सगळं. शिट्टीवाल्या बाईने मुलींना दुसरीकडे न्यायचा प्रयत्न केला, पण त्या हलल्या नाहीत. हे खाली मान घालून ऐकत होते. मग एकदाच बोलले.

म्हणाले, "नोकरीच्या पहिल्या वर्षी टाकीत पडलो होतो. दोघांनी ओढून काढलं. त्यानंतर गावाला पाणी पाजलं, पण स्वतः घोट्याच्या वर पाण्यात उतरलो नाही. तुला समुद्र दिसला की तू काठावर थांबणार नाहीस, हे मला माहीत होतं. तुला आत काही झालं असतं, तर मला येता आलं नसतं."

आणि म्हणाले, "मार्चात आणणार होतो. तोवर येईल असं वाटलं होतं."

 मी ह्यांची टोपी कानावरून घसरली होती ती सरळ केली. मग मला रडू आलं, आणि ते बघून त्या सहा मुलींतली सगळ्यात धाकटी म्हणाली, आजी, तुम्ही पण शिका, घाबरायचं नसतं. सोमवारपासून माझं नाव घातलंय. हे तुमच्या लेकीला एवढ्यात सांगू नका, ती फोन करून ओरडेल.

तुम्ही वह्या मांडल्यात तेव्हा मी धड बघितल्या नाहीत, माफ करा. पाटीवाले सरांनी मला एक पान आणि पेन दिलं, तेव्हा हे पुन्हा पाण्यात उतरले होते. नकाशे सोडून आयुष्यातलं पहिलं चित्र आहे. सोबत ठेवते. गुण द्या, दयामाया नको.

आता खिडकी उघडी आहे आणि तुमचं ते शिलाई मशीन ऐकू येतं आहे. आणि आत्ता माझ्या लक्षात आलं. ज्याची आकृती मी चौतीस वर्षं फळ्यावर काढली, तो दिवसभर माझ्या समोर होता. त्याचा रंग कोणता होता ते मला सांगता येणार नाही. मी बघितलाच नाही. मी ह्यांनाच बघत होते.

तुमची
विहीण


बुधवार, १९ फेब्रुवारी, सकाळ

विहीणबाई,

तुमच्या दाराखालून सरकवतेय.

दहापैकी पाच. टोपी उत्तम, खांदा बरोबर उतरवलाय, आणि तोंड उघडं राहिलंय ते तर हुबेहूब व्याही. पण पाण्यात उभ्या माणसाचे पाय वरून दिसत नसतात. तुम्ही दोन्ही पाय काढलेत आणि दहाही बोटं मोजून घातलीत. आमचा नियम आहे, दिसतं तेच काढायचं. ते पाय आपटत नाहीत तोवर तुमच्या जिवात जीव नव्हता, हे कळलं, म्हणून त्याचा एकच गुण कापला.

उरलेले चार कापले कारण अख्ख्या चित्रात समुद्र नाही.

फेरपरीक्षा आज साडेसातला. भरती आहे, आणि आमची गाडी दुपारी आहे. स्टूल माझं घ्या. व्याही पाण्यात जातील तेव्हा शर्ट मी सांभाळीन. काल तो हातात होता तेव्हा राहवेना, म्हणून ते तिसरं बटन उसवून नीट लावायला सुई ओवली होती. मग सुई परत डबीत ठेवली. फुलीच राहू दे, चांगली घट्ट बसलीय.

विहीण